एक कप मैदा

"दाबून भरलास," काटेमास्तर म्हणाले. "हा कप दीडशे ग्रॅमचा झाला. मघाचा एकशेपंचवीसचा होता. मग केक दगड होणार नाही तर काय!"

"इतकी वर्षं याच कपानं करतेय. तेव्हा मुकाट्यानं खात होतात," बायको म्हणाली.

आयुष्यभर वजनकाट्यावर ट्रक मोजलेला माणूस. निवृत्तीनंतर ट्रक उरले नाहीत, म्हणून स्वारी स्वयंपाकघरात शिरली. पण निमित्त खरं होतं. अलीकडे तिचे केक बिघडत होते. एक कडक, एक बसका, एक तर चक्क खारट. "आई, आता पुरे झालं. बाळाच्या वाढदिवसाला विकतचाच आणू," लेक फोनवर म्हणाली, आणि त्या दिवशी बायको जेवली नाही. मास्तरांना तिची फार दया आली. दया आली की ते वजन करायला बसत.

त्यांनी छोटा डिजिटल काटा आणला. मैदा, साखर, लोणी, सगळ्याचे कप ग्रॅममध्ये बसवले. "आता कप विसर. आकडा बघायचा आणि थांबायचं."

"उंटावरून शेळ्या हाकू नका," ती म्हणाली. पण वाढदिवस उद्यावर आला होता. लेकीला दाखवून द्यायचंच होतं. तिनं काटा पुढ्यात ओढला, भांडं ठेवलं, बटण दाबलं आणि चाळणी शोधायला गेली. चाळणी समोरच्या खिळ्याला होती, तरी सापडायला वेळ लागला. परत येऊन तिनं चमच्याचमच्यानं मैदा घातला, वाकून पाहिलं.

"झाले. एकशेपंचवीस."

काट्यावर आकडाच नव्हता. हात लागला नाही की तो आपोआप बंद पडायचा.

चूक दाखवायला मास्तरांनी काट्याकडे बोट नेलं आणि तसंच मागे घेतलं. साखरेऐवजी पडलेलं मीठ. 'पेपर तुम्हीच वाचून दाखवा' हा नवा हट्ट. शेजारणीकडून ओवून आणलेली सुई. बाईनं ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि आपण शेजारी बसून कपाची वजनं करत राहिलो! त्यांना स्वतःचा संताप आला.

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"काटाच बिघडलाय," मास्तर म्हणाले. "भलतंच काहीतरी दाखवतोय. तू आपली कपानंच घे."

त्यांनी काटा उचलून कपाटात टाकला. साखरेचा डबा तिच्या उजव्या हाताशी आणून ठेवला. "ही साखर. मीठ मी तिकडे फळीवर ठेवलंय."

तिचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. मग तिनं झाकण उघडलं, कप भरला आणि काठावरून बोट फिरवून सपाट केला.

केक ओव्हनमध्ये गेला. घरभर वास सुटला. एरवी ती ओव्हनपाशी कुणाला फिरकू देत नसे. आज काचेकडे तोंड करून बसली.

"अहो, जरा बघून सांगता? वरून रंग कसा आलाय?"

मास्तर गुडघे टेकून खाली वाकले. हे त्यांना तिनं कधी विचारलं नव्हतं.

"कडेला बदामी झालाय. मधे अजून पिवळट आहे."

"मग थांबू थोडं," ती म्हणाली.

मास्तर तिथंच फरशीवर बसले.