महादेवीच्या हिरड्या

महादेवीला अकरावी सायन्ससाठी लातूरच्या एका खासगी होस्टेलवर ठेवलं, त्या वर्षी लातूरच्या नळांना पाणीच नव्हतं. टँकर आला की मुली बादल्या घेऊन पळायच्या. दात घासायला तांब्याभर पाणी मिळायचं, तेही भांडून.

दिवाळीपासून तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं. ब्रश लावला की तोंड लाल. दुखतं म्हणून ती घासायचं टाळू लागली, मग तोंडाला वास सुटला. अंगात सुस्ती एवढी, की क्लासमध्ये बसल्या बसल्या डोळा लागायचा. केस पुंजक्यानं गळायचे. शेजारच्या मुलीनं आपली खाट ओढून लांब नेली.

एका सकाळी रेक्टर केवळाबाईंनी बेसिनमध्ये तिची लाल थुंकी पाहिली.

"गुटखा खातीस होय गं?"

"न्हाई बाई, हिरड्यांतून रक्त येतंय."

"रोज? आन दिवसभर झोपा काढून राहिलीस, ते बी हिरड्यांनीच का?"

पोरगी गुटखा खाते, असा घरी उदगीरला फोन गेला. तिचे वडील शिवमूर्ती तेव्हा तहसीलसमोरच्या मांडवात होते. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून साखळी उपोषण चालू होतं आणि ते त्यातले पुढारी. तिथून उठून ते थेट लातूरला आले. पोरीला एका शब्दानं काही विचारलं नाही. सगळ्या मुलींदेखत तिच्या थोबाडीत दिली. ती तोंड उघडून हिरड्या दाखवू लागली, तर त्यांनी मान फिरवली. "सामान भर," एवढंच म्हणाले.

घरी आई सिद्धम्माला सकाळी पोरीच्या उशीवर रक्त दिसलं.

"झोपेत कुणी गुटखा खातंय का हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मला मीटिंग हाय," म्हणून ते निघून गेले.

मग सिद्धम्मानंच पोरीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हिरड्या दाबून पाहिल्या. खालचे पुढचे दोन दात हलत होते. "या वयात हाड एवढं झिजत नाही सहसा," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "हा गळा कधीपासून फुगलाय?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

रक्त तपासायला लातूरला पाठवलं. थायरॉईड निघाला. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, की शरीराची रोगाशी लढायची ताकद चुकून तिच्याच गळ्यातल्या ग्रंथीवर उलटली आहे. रोज सकाळी अनशापोटी गोळी, बहुतेक जन्मभर.

"त्यानंच हिरड्या गेल्या का?" सिद्धम्मानं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"सगळा दोष त्याला देता येणार नाही. अशा मुलींच्या हिरड्या लवकर सुजू शकतात. त्यात घासणं सुटलं. दिवाळीतच आणलं असतं तर दात राहिले असते कदाचित."

हिरड्या खोलवर साफ केल्या. ते दोन दात मात्र काढावेच लागले.

शिवमूर्तींना हे कळलं. पुढच्याच आठवड्यात मांडवात माईकवर त्यांचा आवाज चढला. "माझ्या लेकीचं रक्त तपासायला लातूरला धाडावं लागलं! जिल्हा असता तर दवाखाना इथंच असता! महादेवी, वर ये. दाखव लोकांना."

बायकांत बसलेली महादेवी उठली. वर गेली आणि तिनं माईक हातात घेतला.

"अप्पा, होस्टेलवर मारलं तवा मी तुमाला दाखवतच होते. तुमी बघितलं न्हाई."

मागच्यांना नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग पुढच्यांनीही वाजवल्या. शिवमूर्तींनी माईक काढून घेतला आणि घोषणा सुरू केली.

गोळीनं तिची झोप कमी झाली, हिरड्याही सावरल्या. लातूर मात्र कायमचं सुटलं. उदगीरातच तिला आर्ट्सला घातलं. नात्यात अजून कुणीतरी हळूच गुटख्याचा विषय काढतं, आणि शिवमूर्ती ते खोडून काढत नाहीत.

जिल्हा काही झाला नाही. ते मीटिंगांना जातात, उशिरा घरी येतात. महादेवी त्यांचं ताट वाढते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि आत निघून जाते.