गाठीच्या शेजारी उपाशी

मी एक पांढरी पेशी. ज्यांच्या रक्तात राहते ते बाबा छापखान्यात यंत्र चालवायचे. हल्ली खाटेवर पडून असतात. माझंही आता काही खरं नाही, म्हणून बोलून घेते.

माझा जन्म त्यांच्या हाडाच्या पोकळीतला. छातीच्या हाडामागे आमची शाळा. तिथं बहुतेकजणी नापास होतात, आणि नापास म्हणजे थेट मरण. मी पास झाले आणि नंतर नुसती भटकत राहिले. काम नसलं की आम्हाला खायलाही फारसं लागत नाही.

मग पोटातल्या कॅन्सरच्या गाठीची वर्दी आली. लढायचं तर एकीच्या शंभरजणी व्हायला हवं, आणि त्यासाठी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे तुकडे, लागतात. त्यातली काही शरीराला बनवता येत नाहीत; ती डाळीतून, अंड्यातून, दुधातूनच यावी लागतात. ती आत घ्यायला मी अंगभर दारं उघडली. ही दारं मोठी हिशेबी. आतलं एक काही बाहेर द्यावं, तेव्हा बाहेरचं एक आत सोडतात.

गाठीलाही तशीच दारं आहेत, माझ्याहून कितीतरी जास्त.

नेमकं तेव्हाच थोरल्या लेकीनं कुठूनसं काहीतरी ऐकलं आणि घरातली डाळ, अंडी, दूध बंद केलं.

"बाबा, गाठीला खायलाच घालायचं नाही. उपाशी मारायची तिला."

"अगं, पण भूक मला लागते."

"ती तुमची नाही, तिची भूक आहे."

बाबा हसले आणि उकडलेल्या भाज्यांचं पाणी प्यायले. लेकीचा फार जीव त्यांच्यावर. तिनं स्वतःही अंडं सोडलं. पण गाठ उपाशी राहिलीच नाही. बाबांच्या दंडातलं मांस झडत गेलं, आणि त्यातून रक्तात जे उतरलं ते तिनंच आधी ओढून घेतलं. मी तिला खेटून उभी होते, दारं सताड उघडी टाकून. शंभर सोडा, माझ्या दोघीही झाल्या नाहीत. मला गाठीचा राग येतो, आणि लेकीचा येत नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

काल डॉक्टर लेकीला बाजूला घेऊन म्हणाले, "आता हवं ते खाऊ द्या त्यांना."

तिला अर्थ कळला. ती बराच वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होती.

आज तिनं अंडं उकडलं, मीठ लावून भरवलं.

"छान झालंय," बाबा म्हणाले. "उद्या पण कर."

त्यातलं थोडंसं माझ्या दारापर्यंत आलंही. पण बदल्यात द्यायला माझ्या आत काहीच उरलेलं नाही.

मुली, उद्याही अंडं कर. माझ्यासाठी नको. त्यांना चव अजून कळते.