ठिपके विरळ, तिथे

मी एक जुनी पारदर्शक पट्टी आहे. मित्रांनो, माझ्या अंगावरचे आकडे पुसट झालेत, पण कड अजून सरळ आहे. साच्यातून निघाले ती संख्याशास्त्राच्या एका मास्तरांच्या हाती पडले. कागदावर विखुरलेल्या ठिपक्यांवर ते मला फिरवून फिरवून ठेवत आणि सगळ्यांना जवळची पडेल अशी एकच रेषा काढत. मग रेषेपासून लांब राहिलेल्या ठिपक्यांची विचारपूस करत. "सरांची पट्टी खोटं बोलत नाही," असे विद्यार्थी म्हणत, आणि मी फुगून जाई.

पुढे संगणक आले, मी खणात गेले. मास्तर वारल्यावर लेकीने मला आपल्या कचेरीत नेले, पण हात लावला नाही.

ती पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. कोणता पाइप फुटेल हे तिथला संगणक जुन्या नोंदींवरून शिकून सांगे. पहिला नुसता निकाल देई, "का?" विचारले की घुम्यासारखा गप्प. म्हणून तिने दुसरा आणवला. हा वय, माती, दाब अशा प्रत्येक कारणाची वेगळी रेषा दाखवी आणि त्यांची बेरीज करी. कारणे अनेक असली की मास्तरही तेच करत. त्यांच्या रेषा सरळ, याच्या वळणदार. म्हणजे हा माझ्याच कुळातला निघाला.

एके दिवशी तपासणीतून कोणते पाइप वगळायचे, यावर तिची सही व्हायची होती. वयागणिक फुटण्याचा धोका दाखवणारी रेषा चढत चढत जाऊन शेवटी धाडकन उतरली होती.

"सगळ्यात म्हातारे पाइपच धडधाकट?"

"जुनं ते सोनं, ताई," सहकारी हसला. "करा सही, भूक लागलीये."

तिने खण उघडून माझी कड त्या उतारावर ठेवली. "इथे ठिपके किती थोडे आहेत बघ. ठिपके विरळ, तिथे रेषा बढाया मारते, असं बाबा म्हणायचे. कुठले पाइप हे?"

त्याने शोधले, आणि त्याचे हसू मावळले. "यांना आतून नवा थर दिलाय, नोंदीत वर्ष मात्र जुनंच. फक्त एकाला तो दिलेला नाही, तरी यंत्राने त्यालाही धडधाकट धरलंय."

"कुठल्या?"

"इस्पितळाच्या."

दुसऱ्या दिवशी खोदले. हातोडीच्या हलक्या टोल्याने पाइपला भोक पडले. फुटण्याआधीच तो बदलला गेला.

"सुटलो," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. संध्याकाळी आईला फोन करून मास्तरांविषयी कितीतरी वेळ बोलली.

मित्रांनो, नव्या यंत्राशी माझे भांडण नाही. त्याने रेषा दाखवली, म्हणूनच तर चूक सापडली. निकाल कुणीही देवो, त्याची रेषा मागा आणि तिच्याखालचे ठिपके पाहा. आणि आम्हा पट्ट्यांना उन्हात ठेवू नका. वाकलेल्या पट्टीला आपले वाकणे दिसत नाही. ते पाहणारे माणूस जवळ लागते.