डाव्या अंगाचे पाटे

पोलीस ॲक्शननंतर आठ वर्षांनी आमच्या मालकांनी, आप्पासाहेबांनी, लँडमास्टर मोटार घेतली. ते गेले, गाडी राहिली. पुढं दोन वर्षांत ती मागून डाव्या अंगाला कलायला लागली.

त्या अंगाला आमची सून कालिंदी बसायची. बाई अंगानं भरलेली. एका दसऱ्याला दौलताबादच्या शेतावर निघालो, तेव्हा पाहुण्यांदेखत मी म्हटलं, "अगं, मधी सरक जरा. गाडी आडवी करतीस का?"

सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवसापासून ती गाडीत बसली नाही. आम्ही गाडीनं, ती एस.टी.नं. नऊ वर्षं झाली. मी काही बोलले नाही. बोलायचं कुणी, सासूनं?

औंदा माझा लेक व्यंकट म्हणाला, "आई, मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे नीट करू, नाहीतर गाडी विकू."

विकतोय मोठा! मी स्वतः उस्मानपुऱ्यात कडूबा मिस्त्रीकडं जाऊन स्टुलावर बसले. त्यानं दोन्हीकडचे पाटे सोडवून भुईवर मांडले. उजवीकडचे काळेभोर, जुन्या ग्रीसनं माखलेले. डावीकडचे गंजानं खाल्लेले, एक तर तडकलेला.

"मावशी, ह्या अंगाला पाणी कशाचं पडतंय?"

"गाडी छपराखाली असते माझी."

"मग अमावास्येचा नारळ कुठं फोडता?"

आप्पासाहेब गेल्यापासून दर अमावास्येला मी मागच्या डाव्या चाकापाशी नारळ फोडते. पाणी ओंजळीनं आत पाट्यांवर सोडते, वर हळदकुंकू. सगळा भार तेच झेलतात, म्हणून पहिला मान त्यांचा. अकरा वर्षं मी आपल्या हातानं लोखंडाला गंज पाजत होते.

तरी विचारलंच, "माणसाच्या वजनानं नाय का रं वाकत?"

"एका बाईच्या? पाच पोती ज्वारी टाका, कुरकुरणार नाय."

त्यानं तडकलेला पाटा बदलला. बाकीचे भट्टीत लाल करून, ठोकून कमानीत आणले, तेलात विझवले, उजव्या पाट्यांशी ताडून पाहिले. मी दिवसभर बघत बसले. लोखंडाला वाकवून परत वळणावर आणता येतं, पण आधी तापवावं लागतं. जिभेचं तसं नाही. ती आधीच तापलेली, फक्त वळवायची राहिलेली.

दसऱ्याला गाडी सरळ उभी होती. पाहुणे तेच. मी नारळ कालिंदीच्या हातात दिला.

"मी? कुठं फोडू?"

"पायरीवर. गाडीपासून लांब." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "गाडी कलली ती माझ्या नारळाच्या पाण्यानं. तुझ्यानं नाही."

कुणी हसलं नाही. कालिंदीनं एका फटक्यात नारळ फोडला, पाणी वाटीत धरलं आणि वाटी माझ्यापुढं केली.

"आत्याबाई, मी डावीकडंच बसणार."

"बस की," मी म्हटलं. "मी सरकते मधी."