कुठली टाच

ती निळी, लिबलिबीत, वाटीएवढी गादी – धाकटीनं बुटातून काढून खिडकीत वाळत ठेवलेली – आणि तिच्यात टाचेचा खळगा इतका नीट उमटलेला, की थोरलीला वाटलं, एवढे लाड तर आपले सख्ख्या आईनंसुद्धा केले नाहीत. तशा दोघी एकमेकींच्या कुणी नव्हत्या. धुलाईच्या कारखान्यात शेजारशेजारच्या टेबलांवर चादरींना इस्त्री करायच्या, म्हणून लोक थोरली-धाकटी म्हणत. थोरलीची चौदा वर्षं, धाकटीची तीन. आणि स्टूल मात्र धाकटीला! मालकीणबाईंसमोर एक्स-रे धरला, टाचेच्या हाडाला फुटलेलं टोक दाखवलं, की झालं... स्टूल आलं, चहा जागेवर येऊ लागला, मुकादमसुद्धा ‘पाय कसा आहे?’ म्हणून विचारू लागला.

आणि माझी टाच? – सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला खिळा घुसावा तशी कळ, चार पावलं भिंत धरून चालायचं, मग जरा सैल पडतं, की दुपारी जेवून उठताना पुन्हा तेच... दोन वर्षं झाली. पण थोरलीनं तोंडातून ब्र काढला नव्हता. ताठ उभी राहणारी बाई म्हणून जो मान होता, तो सोडवत नव्हता. आता मान राहिला बाजूला, धाकटी बसून इस्त्री फिरवत होती आणि थोरलीचा नुसता जळफळाट होत होता.

म्हणून तर काल तिनं दोन्ही टाचांचा फोटो काढून घेतला. आपलं हाड हिच्यापेक्षा मोठं निघावं एवढीच इच्छा – आणि निघालंही! डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली तेव्हा वर्गात पहिली आल्यासारखा आनंद झाला होता...

“पण हे डाव्या टाचेत आहे,” डॉक्टर म्हणाले. “उजवी स्वच्छ आहे.”

“अहो, दुखते ती उजवी!”

“बहुतेकदा हाड दुखतच नाही, बाई. तळव्याला टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो. तासन्‌तास कडक फरशीवर उभं राहून तो ताणला जातो, दुखतो तो. हाड वाढूनही पत्ता नसलेले कितीतरी जण असतात.”

मग पोटरी ताणायचे व्यायाम, तळव्याखाली थंड बाटली फिरवणं, घरातसुद्धा मऊ चप्पल, मध्येमध्ये बसणं, आणि धीर – काही महिने. धीर! दुखणं एका पायात आणि पुरावा दुसऱ्यात. असलं नशीब आपलंच, ती मनात म्हणाली.

आज सकाळपासून ती डाव्या पायानं लंगडत होती. म्हणजे सगळा भार उजव्यावर. डोळ्यांत पाणी यायचं, तेवढंच सोंग खरं वाटायचं. फिल्म पिशवीत होती. मालकीणबाई दुपारी येणार होत्या.

जेवण झालं आणि धाकटीनं स्टूल तिच्याकडे सरकवलं. “बसा ताई.”

“कशाला? मलाही स्टूल मिळेल आता. डाव्या टाचेत हाड वाढलंय. फोटो आहे माझ्याकडे.”

धाकटी तिच्या पायांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “पण तुमची तर उजवी दुखते ना? जेवून उठताना ती टेकवत नाही तुम्ही. दोन वर्षं बघतेय. सांगायचं नसेल म्हणून विचारलं नाही. मागे मालकीणबाईंना म्हटलंही, ताईंनाही एक स्टूल द्या. त्या म्हणाल्या, तिला काय धाड भरलीय!”

हसली असती तर बरं झालं असतं... चोरी पकडली म्हणून कुत्सितपणे हसली असती, तर तिच्यावर जळायला आणखी एक कारण मिळालं असतं. ही तर नुसती हात पुढे करून उभी. स्टुलाचा हेवा एखादे वेळी स्टुलावर बसून गेला असता. पण दुसऱ्याचं पाऊल दोन वर्षं बघत राहायला हिला मन कुठून मिळालं – हा हेवा मी आता कुठं ठेवू?

दारात मालकीणबाईंचा आवाज आला. थोरलीनं पिशवीत हात घातला, फिल्मची थंडगार कड बोटांना लागली, आणि ती तशीच धाकटीच्या पायांकडे बघत राहिली – एकदा डाव्या, एकदा उजव्या. इतके महिने जिच्या टाचेवर आपण जळलो, तिची कुठली टाच दुखते, ते थोरलीला सांगता येईना.