अकराव्या पानाचा कोपरा

मी एक पुस्तिका बोलतेय. चोवीस पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर समुद्र. समुद्र इतका निळा, की खऱ्या समुद्राला आपलाच रंग उडाल्यासारखा वाटावा. 'तुमच्या स्वप्नातली क्रूझ निवडा' असं माझ्या कपाळावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय. हल्ली त्या अक्षरांवर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे आणि एका कडेला कुत्र्याच्या पिल्लाचे दात उमटलेत. पण ते पुढं सांगते.

माझा जन्म छापखान्यातला आणि खोटं बोलणं हा माझा धंदा. त्यात लपवायचं काय? माझ्या चौथ्या पानावर हॅट घातलेली एक बाई कठड्याला टेकून हसतेय. ती का हसतेय, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. समोर कुणी विनोद करत नाहीये, हातात खायला काही नाही, नुसता वारा सुटलाय. तरी हसतेय. नवव्या पानावर नाचणारी मंडळी आहेत, सोळाव्यावर नकाशा, आणि अकराव्या पानावर जहाजातल्या खोलीची एक गोल खिडकी. खिडकीत फक्त पाणी. त्या पानावर मजकूर कमी, म्हणून मीही त्याला फारशी किंमत देत नसे.

तळेगावातल्या एका मंगल कार्यालयात पर्यटनाचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं मला गोपाळकृष्ण सरांनी उचललं. खरं म्हणजे त्यांनी उचलली कापडी पिशवी, कारण ती फुकट होती. मी पिशवीत होते.

सर तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते शाळेतून, तपासण्यातून नव्हे. खिशात लाल पेन कायम. वर्तमानपत्र आलं की आधी त्यातल्या चुका शोधायचे, मग बातम्या वाचायचे. असल्या माणसाच्या हातात पडणं म्हणजे काय, ते माझ्याच जातीच्या कागदांना कळेल.

सरांची मुलगी कौमुदी बंगळूरला नोकरी करते. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार, म्हणून तिनं फोनवर जाहीर केलं, "क्रूझ माझ्याकडून. कुठली ते तुम्ही दोघांनी ठरवा. दसऱ्याच्या आत सांगा, म्हणजे डिसेंबरची तारीख मिळेल."

'दोघांनी' या शब्दाकडं सरांनी दुर्लक्ष केलं. चाळीस वर्षांच्या सरावानं ते त्यांना सहज जमतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर आखीव कागद आले. माझ्यातल्या तिन्ही जहाजांची झोकदार इंग्रजी नावं सरांनी खोडली आणि त्यांना अ, ब आणि क अशा तुकड्या दिल्या. अ म्हणजे चौदा मजल्यांचं अवाढव्य जहाज, घसरगुंड्या आणि तीन तलाव असलेलं. ब मध्यम, लक्षद्वीपकडं जाणारं. क लहानखुरं आणि जरा जुनाट. मग सरांनी एकूण एकेचाळीस निकष काढले. सकाळी साडेपाचला चहा मिळतो का? जेवणाची घंटा वेळेवर होते का? डॉक्टर मराठी जाणतो का? वाचनालयात शांतता पाळतात का? अ तुकडीचे नवव्या पानावरच्या नाचामुळं वर्तणुकीत दहा गुण कापले गेले. समुद्र कसा दिसतो, याला एकेचाळीस निकषांत जागा मिळाली नाही. तो अभ्यासक्रमाबाहेरचा विषय होता.

अनसूयाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, या काळात काय करत होत्या? त्या चहा देत होत्या. सर त्यांना दर संध्याकाळी निकाल वाचून दाखवत आणि त्या "बरं" म्हणत. या घरात एकमत व्हायला अडचण कधी आलीच नव्हती.

त्यांचं खरं मत मला कळलं ते शुभदा गायकवाड आल्या तेव्हा. शुभदाताई म्हणजे घोरावाडी स्टेशनाजवळ राहणाऱ्या निवृत्त परिचारिका, अनसूयाबाईंच्या सकाळच्या फिरण्यातल्या मैत्रीण. सर दाढी करायला गेले होते. शुभदाताईंनी मला चाळलं आणि विचारलं, "ताई, तुम्हाला कुठली आवडली?"

अनसूयाबाईंनी हात पुसले, माझं अकरावं पान काढलं आणि त्या खिडकीवर बोट ठेवलं.

"शुभदा, लोणावळा इतक्या जवळ असला की माणसाला स्वतःची सहल नसते गं. पाहुणे असतात. ठाण्याचे, नाशिकचे, सोलापूरचे. पावसाळा लागला की आले. मग मी पुऱ्या करायच्या आणि सगळ्यांना घेऊन भुशी धरणावर जायचं. ते भिजणार आणि मी दगडावर बसून चपला सांभाळणार. चष्मे, मोबाइल, टॉवेल माझ्या मांडीवर. एकदा तर एकवीस जोड होते. इतकी वर्षं जातेय, पण मी अजून धरणाच्या पायऱ्यांवर पाय नाही भिजवला."

"मग यंदा भिजवा की."

"भिजायचं आता वेडही नाही राहिलं. मला नुसतं पाणी बघायचंय. मांडीवर कुणाचं काही न ठेवता. सकाळी डोळा उघडला की समोर पाणी, आणि उठायचंसुद्धा नाही."

एवढं बोलून त्यांनी अकराव्या पानाचा कोपरा दुमडला. मला जरा दुखलं, पण रागावले नाही. चोवीस पानांत मी शेकडो वचनं दिलीत, त्यातलं एक कुणीतरी खरंच मागत होतं. मी घाबरले.

संध्याकाळी सरांनी तो कोपरा पाहिला. "पुस्तकाचे कोपरे दुमडणं हा अडाणीपणा आहे," असं म्हणून नखानं सरळ केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुमडलेला होता. सरांनी पुन्हा सरळ केला. असं महिनाभर चाललं. दोघांनीही त्यावर चकार शब्द काढला नाही. चाळीस वर्षांच्या संसारातलं एवढं मोठं भांडण माझ्या एका कोपऱ्यावर लढलं गेलं, याचा मला अभिमान वाटावा की काय, ते अजून ठरत नाहीये.

शेवटी सरांनी ब तुकडीला पहिली आणलं. खोली मात्र निवडली ती जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची.

"तिथं जहाज कमी हलतं," ते म्हणाले. "समुद्र बाहेर आहेच. खोलीत माणसानं झोपायचं असतं."

"बरं," अनसूयाबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी चहात साखर नव्हती.

लेखी परीक्षा संपली होती. आता प्रात्यक्षिक. समुद्र लागतो की नाही, हे आधी तपासलं पाहिजे असं सरांच्या मनानं घेतलं. समुद्र लागणार कुणाला? अर्थातच अनसूयाबाईंना. सरांनी त्यांच्यासाठी लिंबू, आवळासुपारी आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेतली, मला काखेत मारलं आणि दसऱ्याला चार दिवस उरलेले असताना सगळे पवना धरणावर गेलो. शुभदाताई साक्षीदार म्हणून होत्या.

धरण काठोकाठ भरलेलं. अंबाजी नावाचे एक म्हातारे नाववाले होते. अनसूयाबाई नावेत चढल्या त्या थेट पुढच्या टोकाला जाऊन बसल्या. सर मधोमध बसले, कारण तिथं कमी हलतं. त्यांनी घड्याळ बघितलं, निरीक्षणासाठी लाल पेन उघडलं आणि बायकोला विचारलं, "अगं, काही होतंय का?"

"काही नाही."

थोड्या वेळानं पुन्हा, "काही होतंय का?" या वेळी आवाज बारीक होता. मी त्यांच्या मांडीवर होते. मला घामाचे थेंब लागले. पेन माझ्यावरून घरंगळत खाली गेलं आणि सर पिशवीत तोंड घालून वाकले.

शुभदाताईंनी सराईतपणे त्यांची पाठ धरली. अंबाजी काठावरून हे सगळं शांतपणे बघत होते.

"सर, दम धरा वाईच," ते म्हणाले. "आजून दोरी न्हाई सोडली म्या."

सरांना उतरवून झाडाखाली बसवलं. अनसूयाबाईंनी अंबाजींना विचारलं, "आबा, मला तेवढी एक फेरी माराल?"

"व्हय की. बसा."

सर काठावर लिंबू हुंगत बसले आणि मी त्यांच्याशेजारी गवतावर. नाव लांब जाताना दिसत होती. पुढच्या टोकाला अनसूयाबाई ताठ बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर काहीही नव्हतं.

त्या संध्याकाळी सरांनी माझ्या मुखपृष्ठावर लाल शाईनं लिहिलं, 'तिन्ही अनुत्तीर्ण'. मग कौमुदीला फोन लावला आणि घसा साफ करून म्हणाले, "क्रूझचं राहू दे. आज पवनेला जाऊन बघितलं. तुझ्या आईला नाही झेपणार."

स्वयंपाकघरात चहा गाळायचा आवाज थांबला.

इतकी वर्षं मी खोटं बोलतेय. पण माझं खोटं कसं, चकचकीत, सगळ्यांना कळणारं. हे खोटं चहाच्या कपाइतकं साधं होतं आणि म्हणून मला त्याची लाज वाटली. अनसूयाबाई गाळणं हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी फोन घेतला.

"कौमुदी, आईला झेपलं. पिशवी बाबांना लागली."

पलीकडं कौमुदी बहुतेक हसू दाबत असावी.

"अहो," अनसूयाबाई सरांकडं वळल्या. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज या टेबलानं आधी ऐकला नसावा. "परीक्षा तुमची झाली. नापास तुम्ही झालात. आणि नाव माझं घालता? भीती वाटली, तर वाटली म्हणा. मी काय हसणार होते? तुम्ही येणार असाल तर या, गोळी घेऊन या. नाहीतर मी जाते."

सरांनी आखीव कागद गोळा करून नीट एकावर एक ठेवले. मग म्हणाले, "घर कोण बघणार?"

हे त्यांचं उत्तर होतं. चुकलेलं, पण निदान प्रामाणिक.

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईंनी मला उघडलं आणि मागच्या पानावरच्या नंबरावर फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "खिडकीसमोर दुसरं काही टांगलेलं नसतं ना?" पलीकडची मुलगी गडबडली. कुणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, मोठ्या जहाजावर त्या मजल्यावर समोर जीवरक्षक होडी येते, मधल्यावर मात्र मोकळं पाणी दिसतं. एकेचाळीस निकषांतून जे बाहेर पडलं नव्हतं, ते दीड मिनिटात पडलं. मधल्या जहाजाची खिडकीची खोली ठरली. दुसरं नाव शुभदा गायकवाड. "उलटीबिलटी मला नवीन नाही," शुभदाताई म्हणाल्या, "पण तुम्हाला काही होणार नाही. मी आपली मजेला येते."

डिसेंबरात त्या दोघी गेल्या. अनसूयाबाई नवे सँडल घालून गेल्या. रोजच्या चपला पायरीवर राहिल्या.

सर रोज पायरीवर बसून माझं सोळावं पान उघडतात आणि आज ती कुठं असेल ते नकाशावर बोटानं शोधतात. परवा फोनवर एक फोटो आला. अनसूयाबाई जहाजाच्या कठड्याला टेकून उभ्या, डोक्यावर शुभदाताईंची हॅट, आणि खळखळून हसतायत. रेंज होती तेवढ्यात सरांनी फोन लावला.

"इतकं काय झालं हसायला?"

"काही नाही हो. वारा सुटलाय."

चौथ्या पानावरच्या बाई, मला माफ करा. इतके दिवस तुम्हाला खोटारडी समजले. माझ्यातली तेवढी एक गोष्ट खरी निघाली.

फोन बंद झाला तोवर गल्लीतलं पिल्लू अनसूयाबाईंची एक चप्पल तोंडात धरून पळत सुटलं होतं. सरांनी हाताला लागेल ते उचललं, म्हणजे मलाच, माझी गुंडाळी केली आणि या वयात अनवाणी त्याच्या मागं धावले. गडबडीत पिल्लानं मलाही एक चावा घेतला. चप्पल मिळाली. सरांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसून जोडीशेजारी नीट लावली. मग मला उलगडलं. अकराव्या पानाचा कोपरा धावपळीत सरळ झाला होता. सरांनी तो दुमडला.

तर वाचकहो, माझ्यासारखी एखादी पुस्तिका तुमच्या घरी आली, तर खुशाल चहाचा कप ठेवा, माशा मारा. फक्त जहाजाला गुण देण्याआधी आपल्या घरात आजवर चपलांपाशी कोण बसलंय, तेवढं एकदा बघा.

ऊन आता अंगणात उतरलंय. पिल्लू फाटकाशी पुन्हा येऊन बसलंय आणि सरांनी मला गुंडाळून हातात धरलंय.

"ती यायला अजून पाच दिवस आहेत," ते पिल्लाला म्हणाले आणि चपला जवळ ओढून तिथंच बसले.