फोल्डरला झालेली बाधा

शाळेच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी पालक, खिडकीत शिपाई, कपाटाला टेकून ड्रॉइंगचे सर, आणि मधोमध खुर्चीत साक्षात सर्व्हरबाबा! कीबोर्डवर काळं फडकं, फडक्याखाली बाबांचे दोन्ही हात.

"यंत्राला बाधा आहे," बाबा म्हणाले. "तुमची वेबसाइट राहते दूरच्या एका कॉम्प्युटरवर. तिथे तुमच्यासारखे तीनशे भाडेकरू. त्यातल्या कुणाची तरी दृष्ट लागलीय. डोळे मिटा आणि म्हणा, सात! सात! सात!"

"सात! सात! सात!" ऑफिस दणाणलं. डोळे उघडून बघतात तो काय, तीन दिवस 'या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही' असं बजावणारं सॉफ्टवेअर मुकाट्याने फोटो घेऊ लागलं होतं. लोकांनी तोंडात बोटं घातली. तीन दिवस त्याच्यापुढे डोकं आपटणाऱ्या कारकुनाने तर बाबांचे पायच धरले.

"एकच पथ्य," बाबा उठता उठता म्हणाले. "फोटोंची दुसरी प्रत ठेवायची नाही. प्रत म्हणजे शंका. शंका आली की बाधा परत आलीच."

फोटोंची दुसरी प्रत मोठ्या बाईंच्या घरी होती. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या या शाळेत त्यांनी अकरा वर्षं खपून खुणांच्या भाषेचा कोश जमवला होता, एकेका खुणेचा एकेक फोटो. त्यातल्या चारशे खुणा एकट्या म्हाताऱ्या शिंप्याच्या. तो जन्मापासून बहिरा होता, त्या जुन्या खुणा दुसऱ्या कुणालाही येत नव्हत्या, आणि गेल्याच वर्षी तो वारला होता. पण पन्नास डोळे बाईंवर रोखलेले. मेली ती भीड! सगळे फोटो चढल्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने घरची प्रत पुसून टाकली.

बाराव्या दिवशी कोश उघडला, तर प्रत्येक खुणेच्या जागी जुगाराची जाहिरात. होस्टिंगवाल्यांकडे, म्हणजे त्या दूरच्या कॉम्प्युटरच्या मालकांकडे, आठवडाभरापूर्वीची एक प्रत होती. तीतही जुगारच.

बाईंची नणंद धावत आली. आयुष्यभर गणित शिकवलेली, जिभेने तिखट.

"वहिनी, तो माणूस पुटपुटत काय होता?"

"सात, सात, सात."

"अगं बाई! मंत्र कसला, टाइप करत होता तेच ओरडत होता मेला!"

तिने पालकांना आणि कारकुनाला समोर बसवलं आणि फळ्यावर आकडे मांडले. फोल्डर वाचायचे चार, त्यात लिहायचे दोन, आत शिरायचा एक. बेरीज सात. असे तीन आकडे: पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्या दुनियेचा.

"आपल्या फोल्डरवर पाच-पाच-पाच होतं, सातातून लिहायचे दोन वजा. म्हणजे आपल्यालासुद्धा लिहिता येत नव्हतं. पहिल्या पाचाचे सात करायचे, संपलं! या दीडशहाण्याने दुनियेलाही सात दिले. शेजारच्या तीनशे भाडेकरूंपैकी कुणीही यावं आणि तुमच्या घरात काहीही लिहावं, पुसावं. आजार नव्हता तो. कुलूप होतं."

मग तिने एक रिकामं फोल्डर तयार केलं. पाच-पाच-पाच दिलं, तीच परवानगीची तक्रार आली. सात-पाच-पाच दिलं, तक्रार गेली. ओठसुद्धा हलवले नाहीत.

"वन्सं," मोठ्या बाईंनी हळूच विचारलं, "शिंप्याचे फोटो?"

नणंदेची तिखट जीभ पहिल्यांदाच अडली. "नाही हो, वहिनी. ते नाही येणार आता."

बाईंना रडू आवरेना. कारकून पालकांच्या कानाशी लागला, "बाबा म्हणाले नव्हते? शंका घेतली की बाधा परत येते. बाईंनी मनातून घेतलीच असणार." तीन-चार माना हलल्या.

बाई डोळे पुसत उभ्या राहिल्या. "शंका मी घेतली नाही, हाच माझा गुन्हा. घेतली असती तर तो शिंपी आज तुमच्या मुलांना शिकवत असता. हात जोडून सांगते, कुणीही चमत्कार केला तर एवढंच विचारा: नक्की काय केलंत? धड सांगता आलं नाही, तर वस्तूला हात लावू देऊ नका."

मागे बसलेली एक आई मघापासून वहीत काहीतरी उतरवून घेत होती. बाईंना जरा धीर आला.

"विचारा ना," त्या म्हणाल्या.

"सात-पाच-पाच," ती आई म्हणाली. "दिवसातून किती वेळा म्हणायचं, बाई?"